सहा ते साडेसात

कवळी लॅबमध्ये परत आली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. दवाखान्याचा माणूस डबी टेबलावर ठेवून, वहीत सही घेऊन निघूनही गेला, आणि कवळी बनवणारा तो हातातलं काम संपवूनच डबीकडे वळला. परत येणाऱ्या कवळीची घाई करायची नसते. दात बनवण्याच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कवळी परत येण्याचं काही वाटत नाही. ढिली होते म्हणून येते, उंच लागते म्हणून येते, दात फार पांढरे दिसतात म्हणून येते. एका आजोबांनी तर ‘ही माझी नव्हेच’ असं सांगून तीनदा परत पाठवली होती आणि चौथ्यांदा तीच, नुसती धुऊन दिली, तेव्हा ‘आता कशी बसली’ म्हणाले होते. या डबीत डॉक्टरीणबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ‘वरची कवळी. आजींना टोचतंय. आठ दिवस काही चावलेलं नाही. बघावे.’ त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. टोचतंय, हा शब्द त्याच्या कामाबद्दल आजवर कुणी लिहिला नव्हता. कारण पॉलिश झालेली प्रत्येक कवळी तो डोळे मिटून आतल्या बाजूने अंगठ्याने चाचपायचा, टाळूच्या उतारावरून, हिरडीच्या खाचेतून, कडेकडेने. केसाएवढा उंचवटा असला तरी अंगठा थांबायचा. त्याच्या उस्तादांनी यावरून त्याचं नाव अंगठेबहाद्दर ठेवलं होतं. लिहितावाचता येणाऱ्या माणसाला हे नाव कसं शोभतं, असं म्हणून ते स्वतःच खोकला येईपर्यंत हसायचे. उस्ताद गेले, नाव राहिलं.

त्याने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. मग डाव्या हाताचा अंगठा, मग मधलं बोट. सगळं गुळगुळीत होतं, इतकं की ते अ‍ॅक्रिलिक आहे की काच आहे की काहीच नाही, हे सांगता आलं नसतं. शेजारच्या टेबलावर मेणवाल्या बाई बसायच्या. मेणात दात रचण्याचं काम त्यांचं. चौदा वर्षं त्या त्याच टेबलावर होत्या. “बघा हो जरा,” तो म्हणाला, “आजी उगाच कुरकुर करतायत.” बाईंनी बोट आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. “उगाच काय! हा केवढा काटा आहे इथे. डोळे गेले का तुमचे?” असं म्हणून त्या हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या, कारण डोळ्यांचा इथे संबंध नाही हे त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. अंगठा नेहमीसारखाच होता, पेरावर पिवळट, नखात प्लास्टर. बाईंनी पेन्सिलीने खूण करून दिली. त्याने खुणेवर घासलं, पॉलिश केलं, बाईंकडून पुन्हा तपासून घेतलं, डबी बंद केली, ‘दुरुस्त’ असं लिहिलं. आतून काहीतरी हललं असेल तर ते फार खोल असावं. वर आलं नाही. सहाला त्याने हात धुतले, बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत उभं राहून रोजच्यासारखे लोणी आणि साखर लावलेले दोन पाव खाल्ले, नंतर केकचा एक तुकडा, नंतर आणखी एक.

पाय बधिर झाल्याचं तसं त्याला माहीत होतं. दोनेक वर्षांपूर्वी तो एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असा घरी आला होता, आणि दारात बायकोने विचारेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. मुलगी तेव्हा घरीच होती, शिकायला दूर गेलेली नव्हती; ती तर पोट धरून हसली होती, आणि बायको बॅटरी घेऊन रस्त्यावर चप्पल शोधायला गेली होती. पण पायाने कुठे कवळ्या तपासायच्या असतात? आता मात्र बायको त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिला कवळीचं कळलं ते मेणवाल्या बाईंच्या फोनवरून. त्याने सांगितलं नव्हतं. डॉक्टर वयाने लहान होते, मुलीहून सातआठ वर्षांनी मोठे असतील. त्यांनी त्याला आडवं केलं आणि नायलॉनचा एक जाड धागा दाखवला. “डोळे मिटा. हा मी पायाला कुठेकुठे टेकवीन. कळलं की हो म्हणायचं.” त्याने डोळे मिटले. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी मूल एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होतं. तो वाट बघत राहिला. डॉक्टर अजून सुरुवात का करत नाहीत, हातमोजे शोधतायत की काय, असं वाटून त्याने डोळे किलकिले केले, तेव्हा उजवा पाय संपवून ते डाव्याच्या टाचेवर आले होते. बायको भिंतीकडे बघत होती. मग हाताची बोटं. बोटांच्या वेळी मात्र तो सावध राहिला. मधल्या बोटावर काहीतरी आलं, फार लांबून, दुसऱ्या खोलीत कुणी पावलं टाकावीत तसं. तो ‘हो’ म्हणाला. मग ठरावीक वेळाने ‘हो’ म्हणत गेला. “काका,” डॉक्टर म्हणाले, “अंदाजाने हो म्हणू नका.” शाळेतही त्याला कुणी असंच पकडलं होतं, फळ्याकडे न बघता उत्तर देताना.

“दिवसभरात काय खाता ते सांगा.” बायकोने सांगितलं. सकाळचं, दुपारच्या डब्यातलं, रात्रीचं; ती सांगत होती ते सगळं बेताचं आणि खरं होतं. ती एका वाचनालयात अर्धवेळ काम करायची आणि बोलतानाही पुस्तकं फळीवर लावल्यासारखं बोलायची, एकापुढे एक, कडा जुळवून. “आणि संध्याकाळी?” “संध्याकाळी चहा. बिनसाखरेचा.” डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याला वाटलं, आता काही बोलू नये. पण तोंड आपोआप उघडलं. “सहाला जरा बाहेर काहीतरी होतं.” “जरा म्हणजे?” मग त्याने मोजून सांगितलं. पाव, लोणी, साखर, केक, कधी आइस्क्रीम, घरी जाताना जिन्यात संपवायला एक बिस्किटाचा पुडा. किती वर्षं? बरीच. सांगताना लाज वाटली नाही, दुसऱ्या कुणाच्या सवयी सांगाव्यात तसं वाटलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मांडीवरच्या पिशवीचा बंद सरळ केला, तो पुन्हा वळला, तिने पुन्हा सरळ केला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही. जे शिल्लक आहे ते टिकवू. तुमचा धंदा बोटांचा आहे ना? मग सहाचं हे बंद. इच्छा होईल. पण इच्छा चढते तशी उतरतेही, पाऊण तास, तास, तेवढं काढायचं. पाणी प्या. चाला. घरी या, माणसांत बसा.

घरी आल्यावर बायकोने स्वयंपाकघरात खुर्ची घेतली, तिच्यावर चढली आणि वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली काढले. साखर, गूळ, बिस्किटं, मुलीसाठी आणून ठेवलेली चॉकलेटं. सगळं एका पिशवीत भरून ती खाली कुणाकडे तरी देऊन आली. “आता मीपण खाणार नाही,” ती म्हणाली. “एकाने खायचं आणि एकाने बघत बसायचं, असं घरात नको.” “तुला कशाला? तुला काय गरज?” “मला गरज नाही म्हणून तर सोपं आहे.” एवढंच. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं, निदान काहीतरी वाटलं असतं. चोवीस वर्षांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. आणि आता ती हातात चाकू घेऊन एक गाजर इतक्या बारीक चकत्यांत कापत होती की दिवा त्यांतून आरपार दिसावा.

सहा वाजायचे. लॅबमध्ये घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. कानामागे, जबड्याच्या बिजागरीशी, आधी एक ओढ सुरू व्हायची, मग जिभेखाली पाणी. पोटाला यातलं काही माहीत नसायचं. पोट भरलेलं असलं तरी हे व्हायचं. हाताचे तळवे, ज्यांना आता चिमटासुद्धा उशिरा कळायचा, ते या वेळी मात्र ओलसर व्हायचे. आणि त्यासोबत एक घाई, आत्ताच्या आत्ता काहीतरी हातात आलं पाहिजे, नाहीतर, पण नाहीतर काय, ते कधी पुढे सरकायचं नाही. त्याने पाणी पिऊन पाहिलं. दोन ग्लास, तीन ग्लास. मग बेकरीसमोरून जाताना पोटात पाणी डुचमळायचं आणि इच्छा त्या पाण्यावर तरंगत असल्यासारखी वरच राहायची. त्याने रस्ता बदलला. मागच्या गल्लीतून, टायरच्या दुकानांवरून, एका बंद थिएटरच्या भिंतीच्या कडेने लांबचा वळसा घेतला. पण बेकरीची भट्टी नेमकी मागच्या गल्लीतच उघडत होती, हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मेणवाल्या बाईंनी सुचवलं, सहाला दात घासा. तोंडाला पेस्टची चव असली की काही खावंसं वाटत नाही. लॅबच्या बेसिनशी उभा राहून तो दात घासायला लागला. “बघा,” बाई म्हणाल्या, “दुसऱ्यांचे दात घासून घासून शेवटी स्वतःच्यांवर वेळ आली.” त्याने फेसातून हसल्यासारखं केलं. बायको डब्यासोबत भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी द्यायची, संध्याकाळसाठी, मोजून बावीस. ते तो अकरा वाजताच खाऊन टाकायचा, म्हणजे संध्याकाळी त्यांची आठवण नको.

नवव्या दिवशी तो बेकरीत गेला. काही ठरवलं नव्हतं, भांडणही झालं नव्हतं, दिवसही वाईट गेला नव्हता. “दिसला नाहीत बरेच दिवस,” बेकरीवाला म्हणाला. “गावाला गेला होतात का?” “हो.” “सगळं ठीक?” “हो.” “मग, नेहमीचंच ना?” आणि सुरी लोण्यात गेली. त्याने उभ्यानेच खाल्लं. पहिल्या घासाला जे व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही. साखर दाताखाली करकरली तेवढी ऐकू आली. दुसऱ्या पावाला तो त्या गेलेल्या चवीची वाट बघत होता, तिसऱ्यालाही. समोर काचेच्या कपाटात त्याचा चेहरा दिसत होता, खालचा जबडा व्यवस्थित, एका लयीत हलणारा; धंद्याच्या सवयीने त्याला दिसलं की उजवीकडे तो थोडा जास्त चावतो. घरी बायकोने रोजच्यासारखं त्याच्या बोटाला टोचलं आणि यंत्रात रक्ताचा थेंब धरला. यंत्रावर आकडा आला. तिने तो पाहिला, यंत्र हलवलं, पुन्हा पाहिलं. “हे यंत्र बिघडलंय वाटतं,” ती म्हणाली. “असेल,” तो म्हणाला. तिने वहीत त्या दिवशीची जागा कोरी सोडली. त्यानंतर वहीत अशा आणखी दोन जागा कोऱ्या राहिल्या. यंत्र मात्र त्यांनी दुरुस्तीला दिलं नाही.

सहाच्या वेळेचा आणि पावाचा काहीतरी संबंध आहे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. वडील काचेच्या कारखान्यात रात्रपाळीला होते. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि तिच्याबद्दल त्याला फक्त एवढंच आठवतं की ती चालताना पाय घासायची. वडील सहाला निघायचे. निघण्याआधी पाव मधोमध कापायचे, लोणी लावायचे, वर साखर भुरभुरवायचे आणि ताटली खिडकीच्या कठड्यावर ठेवायचे. “हा संपायच्या आत येतोच बघ,” म्हणायचे. मग दाराला बाहेरून कडी. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली असायची. साडेसातला त्या येऊन त्याला वर घेऊन जायच्या आणि आपल्या मुलांत झोपवायच्या. पण सहा ते साडेसात तो आणि पाव. पहिल्या दिवशी त्याने भराभरा खाल्ला, म्हणजे ते लवकर येतील. ते आले नाहीत. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, आपण फार लवकर संपवला, त्यांना पोचायला वेळच मिळाला नाही. म्हणून तो हळू खायला लागला. एकेक कण. जिभेवर साखर विरघळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची, पाण्याचे पाइप, एका पाइपाला बांधलेलं फडकं. वडील खोटं बोलत होते असं त्याला तेव्हा वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना एवढंच सुचलं असेल. काकूंच्या चपला जिन्यात वाजल्या की तो उरलेला तुकडा एकदम तोंडात कोंबायचा, आणि काकू म्हणायच्या, “किती रे हावरट हा, गालफडं बघा.” तसं वर्ष गेलं की दीड, कोण जाणे. मग वडिलांना दिवसपाळी मिळाली. ते संध्याकाळी घरी असायचे आणि फारसं बोलायचे नाहीत, आणि पावाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. हे सगळं आठवलं म्हणून सहाची ओढ कमी होत होती असं मात्र नाही. जबड्याला आठवणीशी देणंघेणं नव्हतं. बायकोला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, लपवायचं म्हणून नव्हे. चोवीस वर्षांत असा प्रसंगच आला नव्हता की मधेच पावाचं सांगावं.

लॅबमध्ये त्याने कापूस वापरायला सुरुवात केली. कापसाचा विरळ पुंजका कवळीच्या आतून फिरवायचा. कुठे काटा असला तर तंतू अडकून राहतो. शिकाऊ मुलींना पहिल्या वर्षी हेच शिकवतात. उस्तादांनी त्याला सहा महिन्यांतच कापूस टाकून द्यायला लावला होता. आता तो ड्रॉवरमधून पुंजका काढायचा तेव्हा मेणवाल्या बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघायच्या. एक महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा धागा टेकवला. रक्ताचा आकडा खाली आला होता. “छान,” ते म्हणाले, “फारच छान.” बोटं मात्र होती तशीच बधिर होती. तो अंदाजाने काही बोलला नाही. बराच वेळ नुसता पडून राहिला, आणि डॉक्टर वहीत लिहीत राहिले. दवाखान्यातून कवळ्या परत येईनाशा झाल्या. काम चालू होतं. फक्त आपण केलेली वस्तू बरी झाली की वाईट, हे आता त्याला कापसाकडून कळायचं, आणि कापूस एवढंच सांगायचा की काही अडकलं नाही. पूर्वी अंगठा सांगायचा ते निराळं होतं. ते नेमकं काय होतं हे आठवायला गेला तर शब्द सापडायचा नाही, आणि मग तो विचार तो तिथेच सोडून द्यायचा.

मग एका मंगळवारी लॅबमधली वीज गेली. रस्त्यात कुठेतरी खोदताना केबल तुटली होती, रात्रीपर्यंत येणार नाही असा निरोप आला. मेणाचा दिवा लावून बाई थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “जा हो घरी, उजेड असेस्तोवर. दात कुठे पळून जात नाहीत.” पावणेसहाला तो घराच्या जिन्यात होता. या वेळी तो कित्येक वर्षांत घरी आला नव्हता. बायको वाचनालयातून दोनला येते, दुपारी जरा पडते, हे त्याला माहीत होतं, पण पावणेसहाला ती काय करते हे मात्र नव्हतं. झोपली असेल तर उठायला नको म्हणून त्याने किल्ली आवाज न करता फिरवली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं, दिवा लावलेला नव्हता. ती ओट्याशी उभी होती, दाराकडे पाठ करून. ओट्यावर कागदाची पिशवी, बेकरीतली. त्या बेकरीचा हिरवा शिक्का त्याला लांबूनही ओळखता आला. ती खात होती. पाव नव्हता, काहीतरी चौकोनी, वर साखरेचा थर असलेलं. ती चवीने खात होती असंही म्हणता येत नव्हतं. मान थोडी खाली, दोन्ही कोपर अंगाशी, आणि एक घास गिळून होण्याआधीच हात पुढच्या तुकड्याकडे जात होता. मधे तिने एकदा थांबून श्वास घेतला, खांदे वर होऊन खाली आले, आणि पुन्हा सुरुवात केली. ओट्याच्या कोपऱ्यात त्याच्या आकड्यांची वही नीट, कडेला कडा लावून ठेवलेली होती.

त्याला पहिल्यांदा काय वाटलं, तर आपण तिला एकटीला खाताना कधी पाहिलेलं नाही. ती नेहमी वाढायची, मग बसायची, मग त्याच्याबरोबर नाहीतर मुलीबरोबर खायची. तिचं खाणं हे कुणाच्या तरी खाण्याच्या कडेला असायचं. मुलगी गेल्यापासून ही दुपार, ही संध्याकाळ किती लांब होत असेल, आणि तिला या वेळी काय होत असेल, कानामागे, जिभेखाली, याचा त्याने विचार केला नव्हता. केव्हापासून खातेय? डबे काढले त्या दिवसापासून? त्याच्याही आधीपासून? आत जावं, हसून म्हणावं, अगं मलाही एक दे, आणि मग दोघांनी ओट्याशी उभं राहून पिशवी संपवावी, असं एक चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. दुसरं चित्र, तो खाकरतो आणि ती दचकून वळते, तोंड भरलेलं. त्याने एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं. पाय कुठे पडतायत ते कळत नव्हतं म्हणून तो खाली बघून मागे सरकत होता. दार ओढून घेतलं, किल्लीने कुलपाची जीभ आत धरून, म्हणजे खट्ट होऊ नये, आणि अर्धा मजला उतरून पायरीवर बसला.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बस ड्रायव्हर राहायचे. ते हातात फुलकोबीचा गड्डा घेऊन वर आले, गच्चीवरच्या कुंड्या बघायला चालले होते. “काय हो, किल्ली विसरलात?” “हो.” “मग बेल वाजवा की.” “झोपलीय बहुतेक.” “सहाला? बरं नाही का?” “बरंय. दमते जरा.” ड्रायव्हर थांबले, गड्डा या हातातून त्या हातात घेतला. “आमच्याकडे चला. चहा टाकायला सांगतो.” “नको. बसतो इथेच. हवा येते.” जिन्यात हवा अजिबात येत नव्हती. ड्रायव्हरांनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं, चोवीस वर्षांचे शेजारी होते ते. मग “बसा, बसा,” असं म्हणून वर गेले आणि थोड्या वेळाने खाली उतरताना गड्ड्यासकट भिंतीला लागून निघून गेले. तो बसून राहिला. पायरीच्या कडेला सिमेंटमध्ये एक खडा रुतलेला होता. कुठल्यातरी घरात कुणीतरी टेबल सरकवत होतं, बरंच जड, थांबून थांबून. आता तिचं संपलं असेल. आता ती पिशवी दुमडत असेल, ती कुठे ठेवते? केराच्या डब्यात वर दिसेल. तळाशी घालत असेल. आता ओटा पुसत असेल. आता चूळ भरत असेल. तो तिला वेळ देत होता, आणखी थोडा, आणि आणखी थोडा. तिला कुणी पकडू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यात दुःख किंवा माया असं काही वेगळं करून दाखवता आलं नसतं. एखादी ओली वस्तू सुकेपर्यंत कुणी तिला हात लावू नये म्हणून लॅबमध्ये जसा तो टेबलापाशी बसायचा, तसा बसला होता.

जिन्यातला दिवा लागला तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. सव्वासात होऊन गेले होते. सहा वाजून गेले, साडेसहा गेले, आणि जबडा गप्प होता. हे त्याच्या लक्षात आलं ते फक्त नोंद घ्यावी इतकंच. आनंद वगैरे झाला नाही. उद्या पुन्हा होईलच, हेही त्याला माहीत होतं. तो कठडा धरून उठला, पायऱ्या चढला आणि किल्ली खिशात ठेवून बेल वाजवली.

“आलात?” तिने दार उघडलं. साबणाचा वास येत होता. तोंड धुतलं होतं, केस नीट केले होते. “आज उशीर झाला.” “काम होतं जरा.” “किल्ली?” “खिशातच आहे. हातात सामान होतं.” तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली. “दुधीचं सूप केलंय,” ती म्हणाली. “मासिकात आलं होतं. संध्याकाळी हेच घ्यायचं, म्हणजे काही खावंसं वाटत नाही, असं लिहिलंय.” तिने दोन वाट्या मांडल्या आणि दोन्ही सारख्या भरल्या, खाली वाकून पातळी बघून. ते टेबलाशी समोरासमोर बसले. सूप फिकट हिरवं होतं, गरम, त्याला काही चव नव्हती. ती बोलत होती. वाचनालयात एकाने पुस्तक परत केलं, त्यात मधोमध तळलेल्या पापडाचा एक तुकडा सापडला, खूण म्हणून ठेवलेला. तो हसला. चमच्याचमच्याने ती पीत होती, आणि मधे मधे थांबत होती. चमचा वाटीत उभा धरून बसायची, खिडकीकडे बघायची, आणि मग मनाचा हिय्या केल्यासारखी पुढचा चमचा उचलायची. तिच्या कपाळावर घाम आला होता. “नको असेल तर राहू दे,” तो म्हणाला. “छे,” ती म्हणाली, “तुम्ही घेताय ना. मीपण घेते.” आणि आणखी एक चमचा तिने तोंडाशी नेला, तिथेच थोडा वेळ धरला.

त्याने हात लांब करून तिची वाटी आपल्याकडे ओढली. अर्ध्याहून जास्त उरलं होतं. ते त्याने आपल्या वाटीत ओतलं, काठोकाठ झालं, थोडं टेबलावर सांडलं. तिचा चमचा हातात तसाच होता. तो वाटी उचलून पिऊ लागला. चटका बसतोय की नाही हे बोटांना कळत नव्हतं, जिभेला कळलं, तरी तो थांबला नाही, तळ दिसेपर्यंत.

“भूक लागली होती वाटतं आज,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “फार.”